किंमत ठरते शोरूममध्ये

अमेरिकेत नव्या मोटारीच्या काचेवर किंमतपट्टी लावणे कायद्याने सक्तीचे झाले ते 1958 साली. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मॉन्रोनी यांनी हा कायदा पुढे रेटला आणि ती पट्टी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तोवर एकाच गाडीची किंमत एका डीलरकडे एक, तर दुसऱ्याकडे दुसरीच असे. वाहतुकीचा खर्च फुगवायचा, गिऱ्हाइकाने न मागितलेल्या वस्तू गाडीला जोडायच्या, जुन्या गाडीचे मोल भरघोस दिल्याचे दाखवून तोच पैसा नव्या गाडीत वसूल करायचा, अशी या धंद्याची रीत होती. पट्टीमुळे कंपनीने सुचवलेला आकडा उघड झाला. घासाघीस मात्र तशीच चालू राहिली. त्याआधी दोनच वर्षे, 1956 साली, कंपनीच्या मनमानीविरुद्ध फेडरल न्यायालयात जाण्याचा हक्क डीलरांना मिळाला होता आणि राज्याराज्यांतले फ्रँचायझी कायदेही त्यांच्या पाठीशी उभे होते. त्यामुळे कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक स्वतंत्र व्यापारी पाय रोवून बसला. आलिशान मोटारींचा इतिहास सहसा इंजिनांचा, आसनांच्या चामड्याचा आणि बॉनेटवरच्या चिन्हांचा म्हणून सांगितला जातो. पण 1981 ते 2007 हा काळ तपासला तर वेगळेच चित्र दिसते. महागड्या गाडीची प्रतिष्ठा या मधल्या माणसाच्या वागण्यावर ठरू लागली, आणि सरकारने दिलेल्या सवलतींचे खरे मोलही त्याच्याच टेबलावर ठरले.

ऐंशीच्या दशकापर्यंत कॅडिलॅक, लिंकन, मर्सिडीझ ही नावे ऐश्वर्याची खूण होती, पण ते ऐश्वर्य गाडीपुरतेच असे. शोरूममधला व्यवहार स्वस्त गाडीच्या व्यवहारासारखाच संशयाने भरलेला होता. व्यवसायांच्या प्रामाणिकपणाविषयी गॅलप संस्थेने सत्तरच्या दशकापासून घेतलेल्या जनमत पाहण्यांत मोटारविक्रेते सतत तळाशी राहिले. ही केवळ बदनामी नव्हती. कायद्याचे अभ्यासक इयन आयर्स यांनी शिकागोच्या शोरूममध्ये एकाच पद्धतीने बोलणी करायला शिकवलेले परीक्षक पाठवले आणि 1991 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोऱ्या पुरुषांना जी किंमत सांगितली जाई, तिच्याहून जास्त किंमत स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितली जात होती. किंमतपट्टी सगळ्यांना सारखी होती, तरी घासाघीस सगळ्यांना सारखी वागवत नव्हती. कॅडिलॅक विकणारे डॅलसचे कार्ल सिवेल यांच्यासारखे व्यापारी गिऱ्हाइकाला जन्मभरासाठी जोडण्याची भाषा करत आणि तसे वागतही, पण अशी माणसे अपवादच होती. चांगली वागणूक ही त्या त्या मालकाच्या स्वभावावर सोडलेली गोष्ट होती. ती गाडीसोबत मिळेलच अशी हमी कोणतीही कंपनी देत नव्हती.

हे बदलले ते एका सरकारी बंधनाच्या आडून. डेट्रॉइटच्या कारखान्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून 1981 साली अमेरिकेने जपानला ‘स्वेच्छेने’ निर्यात आवरायला लावले, वर्षाला 16.8 लाख गाड्या ही मर्यादा ठरली. गाड्यांची संख्या बांधली गेली की प्रत्येक गाडीमागे जास्त कमावणे हाच मार्ग उरतो, आणि म्हणून छोट्या, काटकसरी गाड्यांसाठी नावाजलेले जपानी कारखाने महाग गाड्यांकडे वळले. 1985 च्या चलनदरांविषयीच्या प्लाझा करारानंतर येन वधारला, तेव्हा स्वस्त गाडी जपानहून आणून विकणे आणखी जड झाले. होंडाने 1986 मध्ये अक्युरा हे वेगळे नाव आणि वेगळी शोरूम उभी केली. टोयोटाचे अध्यक्ष एजी टोयोडा यांनी 1983 मध्येच जगातल्या उत्तमोत्तम गाड्यांच्या तोडीची गाडी बनवण्याचे आव्हान आपल्या माणसांना दिले होते. मुख्य अभियंते इचिरो सुझुकी यांच्या हाताखाली शेकडो प्रायोगिक गाड्या बनल्या आणि मोडीत निघाल्या. टोयोटाची माणसे कॅलिफोर्नियातल्या लगूना बीच इथे राहून अमेरिकी श्रीमंतांच्या सवयी न्याहाळत होती. त्यातून 1989 साली लेक्सस या नव्या नावाने एलएस 400 ही गाडी बाजारात आली. पायाभूत किंमत 35,000 डॉलर, म्हणजे तिच्या तोडीच्या मर्सिडीझपेक्षा कितीतरी कमी. इंधन इतके बेताने जाळणारी, की जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर 1978 च्या कायद्याने बसवलेला कर तिला लागलाच नाही.

गाडीइतकाच विचार कंपनीने ती विकणाऱ्यांचा केला होता. टोयोटाची शोरूम चालवतो म्हणून लेक्ससही आपोआप मिळेल, असे नव्हते. अर्ज ढीगभर आले, निवडले गेले थोडे, आणि निवडलेल्यांना स्वतंत्र इमारत बांधावी लागली. डीलर आणि कर्मचारी यांच्यासाठी 1987 मध्येच एक प्रतिज्ञापत्र तयार झाले होते. गिऱ्हाइकाला घरी आलेल्या पाहुण्यासारखे वागवू, हा त्याचा गाभा. अशी वचने छापायला फारसा खर्च येत नाही. त्याची परीक्षा 1989 च्या डिसेंबरातच झाली. मागच्या काचेजवळचा ब्रेकचा दिवा तापतो आणि क्रूझ कंट्रोल अडकतो, अशा अगदी मोजक्या तक्रारी आल्या. कंपनीने तोवर विकलेल्या सुमारे 8,000 गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. अशा वेळी रूढ रीत अशी, की मालकाला पत्र धाडायचे आणि त्याने रजा काढून गाडी आणण्याची वाट पाहायची. इथे प्रत्येक मालकाला फोन गेला, माणसे घरी जाऊन गाडी घेऊन आली, आणि दुरुस्त झालेली गाडी धुऊन, टाकी भरून परत पोचवली गेली. जवळपास डीलर नसेल तिथे तंत्रज्ञ विमानाने पाठवले गेले. तीन आठवड्यांच्या आत काम आटोपले. नव्या कंपनीला बुडवू शकेल अशा दोषातून तिचे नाव उजळून निघाले. 1991 मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या परदेशी आलिशान गाड्यांत लेक्सस पहिली आली, आणि 2000 पर्यंत तिने कॅडिलॅकलाही मागे टाकले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. गाडी चांगली होती, कमी बिघडत होती, स्वस्तही होती. मग यशाचे श्रेय वागणुकीला कशाला द्यायचे? आक्षेपात तथ्य आहे. सतत बंद पडणारी गाडी कितीही हसतमुखाने दुरुस्त करून दिली तरी तिचा मालक पुढच्या वेळी दुसरीकडे जाणारच. निसानची इन्फिनिटी त्याच वर्षी आली. तिच्याही शोरूम नेटक्या होत्या, सेवाही वाखाणली गेली, पण गाडी न दाखवता खडक आणि झाडे दाखवणाऱ्या जाहिरातींनी सुरुवात करून ती मागे पडली. म्हणजे सेवा एकटी पुरत नाही. पण गाडीही एकटी पुरत नाही, हे सिद्ध करायला तो डिसेंबर पुरेसा आहे, कारण त्या क्षणी गाडीतच दोष निघाला होता आणि तिची बाजू सावरायला यंत्राबाहेरचेच काही लागणार होते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: डीलर थोडे, गाड्या मर्यादित, नफा मोठा, अशा स्थितीत नम्रता परवडतेच. हेही मान्य. या सौजन्याची मुळे संतवृत्तीत नाहीत, कोट्याच्या गणितात आहेत. पण तोच नफा इतर महाग गाड्यांच्या डीलरांनाही मिळत होता आणि त्यातून तशी वागणूक उगवली नव्हती. पैशाने चांगली सेवा शक्य झाली. ती प्रत्यक्षात आली निवडीमुळे आणि शिस्तीमुळे. शिवाय किमतीची घासाघीस लेक्ससच्या शोरूममधूनही हद्दपार झाली नाही. बदल अर्धाच झाला, हे लक्षात ठेवायला हवे.

आता सरकारची बाजू. अमेरिकी सरकारने आलिशान गाडीला कधी दंड केला, कधी बक्षीस दिले, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच वेळी. 1991 पासून 30,000 डॉलरच्या वरच्या रकमेवर 10 टक्के चैनकर लागला. नौका, दागिने, फर यांवरचा असाच कर 1993 मध्ये उठला, मोटारींवरचा मात्र टप्प्याटप्प्याने उतरत 2002 अखेरपर्यंत टिकला. 1995 च्या मे महिन्यात क्लिंटन सरकारने 13 जपानी आलिशान मॉडेलांवर 100 टक्के आयातशुल्क लावण्याची धमकी दिली. जून अखेरीस तडजोड झाल्याने ते टळले. या सगळ्यातून जड एसयूव्ही मात्र अलगद सुटत गेल्या, कारण कायद्याच्या लेखी त्या मालवाहू ट्रकांच्या जातीत बसत. पेट्रोल पिण्यावरचा कर त्यांना नव्हता, 6,000 पौंडांहून जड असतील तर चैनकरही नव्हता. 2003 मध्ये तर व्यवसायासाठी घेतलेल्या अशा अवजड गाडीची 1 लाख डॉलरपर्यंतची किंमत पहिल्याच वर्षी खर्ची टाकण्याची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी ती 25,000 डॉलरवर आणावी लागली. हमरसारख्या गाडीला मिळालेल्या या सवलतीपुढे पेट्रोल आणि वीज यांच्या जोडीवर चालणारी हायब्रिड गाडी घेणाऱ्याला तेव्हा मिळणारी 2,000 डॉलरची वजावट किरकोळ होती.

हायब्रिडला खरे बळ मिळाले ते 2005 च्या ऊर्जा कायद्याने. जानेवारी 2006 पासून थेट आयकरात सूट आली: टोयोटाच्या प्रियसला 3,150 डॉलर, लेक्ससच्या आरएक्स 400एच या पहिल्या आलिशान हायब्रिडला 2,200. पण या सुटीच्या पोटात दोन कलमे दडलेली होती. एका कंपनीच्या 60,000 गाड्या विकल्या गेल्या की सूट आधी निम्मी, मग चौथाई आणि शेवटी शून्य होणार होती. टोयोटाने हा आकडा जून 2006 पर्यंतच गाठला आणि ऑक्टोबर 2007 पासून तिच्या गिऱ्हाइकांची सूट संपली. दुसरे कलम ‘पर्यायी किमान करा’चे. हा कर ज्यांना लागे त्यांना हायब्रिडची सूट मिळतच नसे, आणि तो लागे मुख्यतः चांगल्या कमाईच्या कुटुंबांना, म्हणजे महागडी हायब्रिड घेऊ शकणाऱ्यांनाच. शोरूममध्ये 2,200 डॉलरचा आकडा ऐकून गेलेल्या माणसाला पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना कळे, की आपल्या वाट्याला शून्य आहे. विक्रेत्याने हे आधी सांगितले की नाही, यावर त्या सुटीचा अर्थ अवलंबून होता.

नंतरच्या दोन अभ्यासांनी ही गोष्ट नेमकी पकडली. केली गॅलघर आणि एरिक म्यूलेगर यांनी 2011 मध्ये दाखवले, की राज्यांनी विक्रीकरात दिलेली माफी ही तेवढ्याच रकमेच्या आयकरसवलतीपेक्षा दसपटीहून अधिक परिणामकारक ठरली. गाडी घेताना, बिलातच वजा होणारा डॉलर माणसाला दिसतो. वर्षभराने मिळेल असे सांगितलेला डॉलर त्याला तितकासा खरा वाटत नाही. त्याच वर्षी जेम्स सॅली यांनी प्रियसच्या प्रत्यक्ष विक्रीकिमती तपासल्या. गाडीसाठी प्रतीक्षायादी असताना डीलरांनी किंमत वाढवून ती सूट आपल्या खिशात घातली असेल, अशी कुणाचीही अटकळ होईल. तसे झाले नव्हते. सुटीचा बहुतेक भाग गिऱ्हाइकालाच मिळाला. आज लुबाडलेला माणूस उद्याची मागणी घटवतो, हे नव्या तंत्राची गाडी विकणाऱ्याला परवडणारे नव्हते, असे त्याचे एक स्पष्टीकरण सॅली देतात. सरकारी पैसा योग्य हाती पडला तो कायद्याच्या चोख शब्दांपेक्षा विकणाऱ्याच्या दूरदृष्टीमुळे.

इथे कुणी म्हणेल, की महागड्या हायब्रिडला सूट द्यावीच कशाला? 2007 मध्ये लेक्ससची एलएस 600एच एल 1 लाख डॉलरहून अधिक किमतीला आली आणि शहरात गॅलनला जेमतेम 20 मैल चालत होती. इंधनबचतीच्या हिशेबाने ती टिकत नाही, हे खरेच. कॅलिफोर्नियाने हा विचार अधिक स्वच्छ केला होता. एकटा चालक असला तरी राखीव मार्गिकेतून जाण्याची पिवळी चिकटपट्टी त्या राज्याने गॅलनला 45 मैल किंवा त्याहून अधिक चालणाऱ्या हायब्रिडलाच दिली, आणि लेक्ससची एकही गाडी त्यात बसली नाही. पण या आक्षेपाने मूळ मुद्दा ढळत नाही. सवलत कुणाला द्यायची हा न्यायाचा प्रश्न आहे, ती पोचते कशी हा व्यवहाराचा. पहिल्याचे उत्तर अचूक दिले, तरी दुसऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास पैसा वाया जातो.

महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. चाकणमध्ये कारखाना असलेल्या मर्सिडीझ-बेंझ इंडियाने 2021 मध्ये देशभर एकच किंमत ठरवून गाड्या थेट कंपनीच्या नावाने विकायला सुरुवात केली आणि डीलरला सवलतीच्या लढाईतून बाहेर काढून फक्त सेवा देणारा केले. अमेरिकेत फ्रँचायझी कायद्यांमुळे अवघड असलेले पाऊल इथे पडले. हायब्रिडबाबत मात्र आपला प्रवास उलटसुलट आहे. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा मोठ्या हायब्रिडवर उपकरासह 43 टक्के कर बसला. 2024 मध्ये उत्तर प्रदेशाने स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला, आणि ती माफी ‘ऑन-रोड’ किमतीतच वजा होत असल्याने गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे कळली. महाराष्ट्राने महागड्या गाडीच्या नोंदणीकरावर 2017 मध्ये 20 लाखांची मर्यादा घातली होती, ती 2025 मध्ये 30 लाख केली. दरांवर वाद घालणे गैर नाही, पण अमेरिकेचा अनुभव सांगतो, की धोरणकर्त्याने दराइतकाच विचार सूट कुठे आणि केव्हा मिळते याचा केला पाहिजे. ती बिलात दिसली पाहिजे, तिच्या अटी विक्रेत्याने गाडी घेण्याआधीच सांगितल्या पाहिजेत, आणि न सांगितल्यास जबाबदारी त्याच्यावर आली पाहिजे. नवे यंत्र प्रतिस्पर्धी काही वर्षांत बनवतात आणि सरकारी सूट ठरल्या तारखेला संपते. विश्वासाचा व्यवहार उभारायला वेळ लागतो, आणि म्हणूनच ज्याच्यापाशी तो असतो त्याला मागे टाकणे इतके अवघड जाते.