भिवंडी ते बॅले, मार्गे ठाणे

"तू भिवंडीचा, आणि तुला वेड बॅलेचं? हे कसं काय बुवा?"

गेली पन्नास वर्षं हा प्रश्न मी ऐकतोय. मुंबईचे नातेवाईक विचारतात तेव्हा त्यात थोडी गंमत असते आणि भिवंडीतले मित्र विचारतात तेव्हा थोडी काळजी! भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, अलीकडे गोदामं, आणि ट्रॅफिक तर हमखास. त्यात बॅले कुठून आला? हल्ली भाचरंडंही विचारू लागली आहेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ‘बॅले’ या शब्दाचे दोन अर्थ होते. एक रशियन बॅले, म्हणजे पायाच्या अंगठ्यांवर उभ्या राहणाऱ्या, पिसासारख्या हलक्या मुली. तो आम्हाला भेटायचा ‘सोव्हिएत देश’ मासिकाच्या गुळगुळीत पानांवर. (त्याच पानांची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो. माझ्या भूमितीच्या वहीवर कितीतरी दिवस एक हंसकन्या होती.) दुसरा बॅले मुंबईतला. वर्तमानपत्रात ‘भव्य बॅले’ अशी जाहिरात यायची, पण त्यात कुणी अंगठ्यावर उभं राहत नसे. ते आपलं नृत्यनाट्य, शब्दांशिवाय सांगितलेलं. मी आयुष्यभर बस-गाड्या बदलून जे पाहत आलो ते मुख्यतः हे दुसरं.

मात्र या दोन्ही बॅलेंचं नातं दिसतं त्यापेक्षा जवळचं आहे. आणि ते आपल्या मुंबईतून जातं.

उदयशंकर हा तरुण 1918 साली चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला. तिथून 1920 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला, तोही चित्रकार व्हायलाच. तिथे त्याची गाठ पडली ॲना पाव्हलोव्हाशी. पाव्हलोव्हा म्हणजे त्या काळची जगातली सर्वांत प्रसिद्ध बॅले नर्तिका. ती नुकतीच हिंदुस्थानचा दौरा करून परतली होती आणि तिला भारतीय विषयांवर काहीतरी करायचं होतं. 1923 साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘राधा-कृष्ण’ झालं. पाव्हलोव्हा राधा आणि उदयशंकर कृष्ण! त्याच वर्षी तिच्या मंडळीने आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बेतलेला एक बॅलेही केला. अजिंठ्याची लेणी लंडनच्या रंगमंचावर, आणि नाचणारे परदेशी. कल्पना करून पाहा.

पुढे 1928 साली मुंबईत पाव्हलोव्हाचा कार्यक्रम रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पाहिला आणि नंतर योगायोगाने दोघी एकाच बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. आपल्या मातीतला नाच शोधा, हा सल्ला पाव्हलोव्हाने रुक्मिणीदेवींना दिला आणि उदयशंकरांनाही. रुक्मिणीदेवी भरतनाट्यमकडे वळल्या आणि 1936 साली ‘कलाक्षेत्र’ उभं राहिलं. उदयशंकरांनी मात्र कुठलीच एक शैली धरली नाही. कथकली, मणिपुरी, भरतनाट्यम, लोकनृत्य, सगळ्यांतून हवं ते घेतलं आणि आपला स्वतंत्र नाच घडवला. त्यांच्या संगीताची बाजू विष्णुदास शिरालींकडे होती. हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. म्हणजे इथेही आपला धागा आहेच.

उदयशंकरांनी हिमालयात अल्मोड्याला कलाकेंद्र काढलं. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ तिथे संगीत शिकवत. गुरुदत्त, झोहरा सेहगल अशी मंडळी तिथून घडली. 1944 साली ते बंद पडलं आणि तिथले काही कलावंत मुंबईला आले. त्यांतले एक शांती बर्धन. ‘इप्टा’चं मध्यवर्ती पथक अंधेरीला होतं. तिथे ही मंडळी एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि दिवसभर तालमी करायची. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इमॉर्टल’ हे बॅले तिथले. ‘इंडिया इमॉर्टल’चं संगीत तरुण रविशंकरांचं.

तो बाड-बिस्तरा मोडल्यावर, 1952 साली, शांती बर्धन यांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ सुरू केला. क्षयाने शरीर पोखरलेलं, गाठीला पैसा नाही. अशा अवस्थेत त्यांनी 1953 साली ‘रामायण’ उभं केलं. कल्पना अशी की माणसांनी माणसांसारखं नाचायचंच नाही, कळसूत्री बाहुल्यांसारखं नाचायचं. पुढच्याच वर्षी, ‘पंचतंत्र’ हातात असताना, ते गेले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘पंचतंत्र’ पुरं केलं आणि ‘रामायण’ देशोदेशी नेलं. सचिन शंकर यांनीही 1953 च्या सुमाराला मुंबईतच आपलं बॅले युनिट काढलं. थोडक्यात, साठ-सत्तरच्या दशकात मुंबईच्या माणसाला ‘बॅले बघून आलो’ म्हणायला रशियाला जायची गरज नव्हती.

पण भिवंडीच्या माणसाचं काय?

भिवंडीहून मुंबईला प्रयोग बघायला जाणं ही तेव्हा एक मोहीमच होती. रेल्वे स्टेशन आहे आम्हाला, पण ते दिवा-वसई मार्गावर, प्रयोगाला जायच्या कामाचं नाही. म्हणजे एसटीने ठाणे, तिथून लोकल, मग दादरला उतरून चालत किंवा पुढे चर्चगेट-व्हीटी. येताना तेच उलटं. खरी मेख येतानाच. ठाण्याहून शेवटची एसटी चुकली की रात्र स्टँडच्या बाकावर! त्यामुळे बाल्कनीच्या कडेची, दाराजवळची खुर्ची मागून घ्यायची, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसायचं आणि वेळ झाली की वाकून, लोकांच्या गुडघ्यांवरून माफी मागत बाहेर पडायचं. परिणाम असा की मी पाहिलेल्या निम्म्या बॅलेंचे शेवट मी पाहिलेलेच नाहीत.

हसू नका. नाटकाचा शेवट चुकला तर पुस्तक मिळतं. गाणं चुकलं तर पूर्वी रेकॉर्ड होती, मग कॅसेट आली. पण त्या काळच्या बॅलेचं काय मिळतं? दोन कृष्णधवल फोटो आणि एखादी स्मरणिका. नाच कागदावर उतरत नाही. तो नाचणाऱ्याच्या अंगात असतो आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत. नाचणारे थकले, बघणारे गेले, की संपलं.

एकदाच ठरवून शेवटपर्यंत बसलो. ते ‘रामायण’. 1984 च्या मे महिन्यात आमच्या गावात दंगल झाली होती. कर्फ्यूत माग बंद. बाहेरच्यांना मागांच्या आवाजाने झोप येत नाही, भिवंडीकराला तो थांबला की झोप उडते. आमच्याकडे शांतता म्हणजे काहीतरी वाईट घडलंय. ते दिवस मनातून जात नव्हते. साधारण वर्षभराने ‘रामायण’चा प्रयोग लागल्याचं कळलं आणि मी निघालो.

पडदा वर गेला आणि कोपरापासून दोरीने ओढल्यासारखा एक हात वर आला, आणि दोरी सुटल्यासारखा खाली पडला. मानेला झटका, पायाला झटका. चेहऱ्यावर बाहुलीचाच थंड भाव. गोष्ट तर सगळ्यांच्या तोंडपाठ. मग डोळे का भरून येत होते? मला वाटतं, बाहुलीला रडता येत नाही म्हणून ते काम प्रेक्षकाला करावं लागतं. आणि आणखी एक गोष्ट. या मंडळीचं संगीत सांभाळलेले बहादुर खाँ हे अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे पुतणे. शांती बर्धन बंगालकडचे, गुल बर्धन गुजराती घरातल्या. रामाची गोष्ट अशा सगळ्यांनी मिळून मुंबईत उभी केली होती, आणि मी ती बघत होतो कर्फ्यूतून उठलेल्या गावातून येऊन. त्या रात्री शेवटची एसटी गेली. ठाण्याच्या स्टँडवर पहाटेपर्यंत जागा होतो. अजिबात वाईट वाटलं नाही.

आता अण्णांची गोष्ट. आमचे अण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो लावून द्यायचा, हे त्यांचं काम. बारा-बारा तासांच्या पाळ्या. 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, तिथलं काम भिवंडीकडे वळलं आणि मग तर उसंतच उरली नाही. मागांच्या खडखडाटाने उतारवयात त्यांचे कान पार गेले. माझ्या वेडाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. पोरगा पगारातून घर चालवतो, मग उरलेल्या पैशांत काय का बघेना, असं त्यांचं धोरण.

उदयशंकरांनी अल्मोड्याच्या काळात ‘लेबर अँड मशिनरी’ नावाचा बॅले केला होता. माणसंच चाकं होतात, माणसंच दांडे होतात आणि यंत्र चालवणारा माणूस हळूहळू यंत्राचाच भाग होऊन जातो. 1948 सालच्या त्यांच्या ‘कल्पना’ या चित्रपटात तो नाच आहे. चित्रपट कित्येक वर्षं सहजी बघायला मिळत नव्हता. 2012 साली त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली आणि पुन्हा त्याच्याबद्दल बोललं जाऊ लागलं. पुढच्या वर्षी दिवाळीत पुतण्याने त्यातला यंत्राच्या नाचाचा तुकडा लॅपटॉपवर लावून दिला. अण्णा शेजारी बसले होते. त्यांना संगीत ऐकू येणार नव्हतंच. मी म्हटलं, बघू देत.

एरवी टीव्हीसमोर पाच मिनिटांत पेंगणारे अण्णा पुढे सरकून बसले. बोटाने मांडीवर ठेका धरला. आवाज बंद असलेल्या माणसाने! मग म्हणाले, "हा डावीकडचा बरोबर मारतोय. धोटा असाच येतो आणि जातो." तुकडा संपल्यावर पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर म्हणाले, "यांना कसं कळलं? हे कधी मागावर उभे होते?"

पन्नास वर्षांत बॅलेवर मी बरंच वाचलं, पण इतका नेमका अभिप्राय मला कुठे सापडला नाही. आणि ‘भिवंडीचा माणूस आणि बॅले कसा काय’ या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. हा नाच आमच्यापासून लांबचा नव्हताच. लांब होतं ते नाट्यगृह.

पुढे मुंबईतला तो बॅलेचा काळ ओसरला. ‘लिटल बॅले ट्रूप’ तर 1964 मध्येच ग्वाल्हेरला गेला आणि 1984 मध्ये भोपाळला. गुल बर्धन यांना 2010 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. मुंबईत एनसीपीएमध्ये 1999 साली जमशेद भाभा थिएटर झालं, मोठा रंगमंच, वाद्यवृंदासाठी खड्डा. पाश्चात्त्य बॅलेसाठी जागा आली, पण आपल्या बॅलेचे लोक तोवर पांगले होते.

पण गोष्ट संपली असं मात्र म्हणवत नाही. मुंबईत यहुदा माओर नावाच्या वयस्कर बॅले शिक्षकांकडे दोन मुलं शिकली. मनीष चौहान हा टॅक्सीचालकाचा मुलगा, अमिरुद्दीन शाह हा वेल्डरचा. आणि ही मुलं शिकली ती तो पहिला बॅले, माझ्या वहीच्या कव्हरावरचा! अमिरुद्दीन 2017 साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. त्यांच्यावर 2020 मध्ये ‘ये बॅले’ हा चित्रपट आला आणि मनीषने त्यात स्वतःचीच भूमिका केली. मी तो घरी बसून, शेवटपर्यंत, एसटीची काळजी न करता पाहिला. अण्णा तेव्हा नव्हते. वेल्डरचा मुलगा म्हटल्यावर त्यांनी पहिली चौकशी कसली केली असती ते मला माहीत आहे: "पायाला काही इजा झाली तर बघतं कोण?" जॉबरचा प्रश्न.

असो. बरंच लांबलं. आता थोडं काम तुमच्याकडे.

तुमच्या घरातल्या ज्येष्ठांपैकी कुणी ना कुणी मुंबईत हे बॅले पाहिलेले असतील. ‘रामायण’, ‘पंचतंत्र’, कदाचित त्याआधीचं ‘इप्टा’चंही काही. त्यांना विचारा आणि जे आठवेल ते लिहून ठेवा. कुणी कुठल्या बाजूने प्रवेश केला, कपडे कसे होते, लोक कुठे हसले, काहीही चालेल. आणि सचिन शंकर यांचा ‘ट्रेन’ कुणी पुरा पाहिला असेल तर कृपया कळवा. रंगमंचावर गाडी रंगात आली असताना मला ठाण्याची गाडी पकडायला उठावं लागलं होतं. ती पुढे कुठे पोचली, हे मला अजून जाणून घ्यायचंय.