डाव्या बाजूचं स्टिअरिंग

ऐंशीच्या दशकात आमच्या गोवंडीत आखातातून सुट्टीवर येणारा माणूस किती वर्षं तिकडे आहे, ते त्याच्या सामानावरून ओळखता येई. पहिल्या खेपेला टू-इन-वन आणि अत्तराच्या बाटल्या, दुसऱ्या खेपेला जाड ब्लँकेटं, पुढे व्हीसीआर. शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या गल्ल्यांतून डोक्यावर वाहून नेता येईल ते सगळं आलं. मोटार मात्र कुणाची आली नाही. गंमत म्हणजे त्यांतले कितीतरी जण तिकडे ड्रायव्हरच होते.

शेजारचे एक चाचा वीस वर्षं दमाममध्ये टोयोटा चालवून परतले आणि इथे टॅक्सीवर बसले. पहिले काही दिवस त्यांचा उजवा हात गिअर शोधत दाराकडे जायचा. एक गाडी आणायची होती, असं कुणी म्हटलं की ते म्हणत, ''बेटा, गाडी तो आ जाएगी, उसका रास्ता कहाँ से लाऊँ?'' त्यांचा हा प्रश्न मला इतिहासात घेऊन गेला.

रस्त्याची बाजू ही राज्यकर्त्यांची खूण असते. आपण डावीकडून चालतो ते इंग्रजांमुळे. पोर्तुगालने १९२८ साली डावी बाजू सोडून उजवी धरली, पण गोव्याला डावीकडेच ठेवलं, कारण सीमेपलीकडचा हिंदुस्थान डावीकडून चालत होता. आखातात इंग्रजांचा वावर असूनही बाहरीनने १९६७ मध्ये बाजू बदलली, शेजारचे देश उजवीकडून चालत म्हणून. आपली माणसं आखातात गेली ती बहुतेक तेलाच्या भाववाढीनंतर, म्हणजे १९७३ नंतर. तोवर सगळा आखात उजवीकडून चालू लागला होता. तिथल्या गाडीचं चाक डावीकडे.

दुसरी अडचण इथली. शिवडीला जनरल मोटर्सचा मोटारी जोडण्याचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला होता. परदेशी सुटे भाग नुसते जोडू नका, गाडी इथे बनवा, असं स्वतंत्र भारताच्या सरकारचं धोरण ठरलं आणि १९५४ मध्ये तो बंद पडला. उरली मुख्यतः कलकत्त्याकडची अँबॅसॅडर आणि आमच्या शेजारी, कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअरमध्ये बनणारी फियाट. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. अशा काळात परदेशी गाडी म्हणजे चैन, आणि चैनीवर जकात जबर.

तरी दार अगदी बंद नव्हतं. सलग दोन वर्षं परदेशात राहून कायमचा परतणारा माणूस आपली गाडी आणू शकत असे. ती तिकडे निदान वर्षभर त्याच्या ताब्यात असावी लागे. मात्र जकात परकीय चलनात भरायची. म्हणजे जे पैसे घरी पाठवायला माणूस गेला, तेच पुन्हा सरकारला द्यायचे! डॉक्टर-इंजिनिअरला ते जमे. मालकाची गाडी चालवणाऱ्याच्या ताब्यात गाडी असते, नावावर नसते.

आणि स्वतःची गाडी असूनही ती न आणता आलेले लोक मुंबईने पाहिले ते १९९० साली. इराकने २ ऑगस्टला कुवेत घेतलं. सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परतले, त्यांतले बहुतेक अम्मानहून विमानाने मुंबईला. सहार विमानतळावर उतरलेल्यांच्या हातात एखादी बॅग होती. कष्टाने घेतलेल्या गाड्या कुवेतमध्येच राहिल्या. त्यांना 'दोन वर्षं, एक वर्ष' कोण विचारणार?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने डाव्या चाकाची गाडी बंद केली नव्हती. वळण्याचा इशारा देणारं साधन तिला चालू स्थितीत हवं, एवढंच कलम १२० सांगतं. २००१ मध्ये मात्र जागतिक व्यापाराच्या करारामुळे आयातीवरचे निर्बंध उठवताना सरकारने जुन्या गाड्यांपुढे नव्या भिंती घातल्या. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. चाक उजवीकडे हवं. हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे हवेत. ही अट मला पटते, कारण दिव्याचा झोत रस्त्याच्या कडेकडे थोडा उचललेला असतो. उलट्या बाजूची गाडी आणली तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उतरायचं फक्त मुंबई बंदरात, चाचणीला पाठवायचं पुण्याला किंवा अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. आणि सगळी जकात धरून १८० टक्क्यांच्या आसपास! दहा लाखांच्या गाडीला अठरा लाख. हे मला कधीच पटलं नाही.

दोन वर्षांनी, २००३ मध्ये, सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारीची जकात सरकारने माफ केली. रक्कम १ कोटी १३ लाखांच्या घरात. टीका झाली आणि अखेर ती फियाट कंपनीने भरली. आमच्याकडे चहाच्या टपरीवर सचिनवर कुणी चिडलं नाही. विमानतळावर एका टीव्हीसाठी स्वतः किती भरले, ते जो तो सांगत बसला.

आता कधीकधी आखाती नंबरची गाडी मुंबईत दिसते. ती कार्नेट नावाच्या हमीपत्रावर येते, सहा महिन्यांपर्यंत जकातीविना राहते आणि परत जाते. त्या गाड्यांत ताशी १२० किलोमीटरच्या पुढे गेलं की इशाऱ्याची घंटी वाजते. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर ती ऐकू येण्याची भीती नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)