‘पु.ल.’ नावाचा फोल्डर : एक प्रस्तावना

ई-मेलच्या प्रोग्रॅममध्ये ‘पु.ल. भाषणे’ नावाचा फोल्डर करायला घ्या. काही सर्व्हरांवर तो निमूट तयार होतो. काहींवर ‘पु’ नावाचा फोल्डर, त्याच्या पोटात ‘ल’ आणि त्याच्याही पोटात ‘भाषणे’ अशी उतरंड उभी राहते. काही ठिकाणी तर असले नाव घ्यायलाच नकार मिळतो. नियमाला सोडून यांतले कोणीच वागलेले नसते. या विषयात पहिल्यांदा येणाऱ्या वाचकाने इथूनच आत यावे, असे मला वाटते.

नियम म्हणजे आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याची आखणी केली. टपाल सर्व्हरवरच राहावे आणि वापरणाऱ्याने ते कुठल्याही यंत्रावरून पाहावे, ही त्यामागची कल्पना. टपाल सर्व्हरवर राहिले की फोल्डरही तिथेच आले, आणि मग नावावर तिघांचा हक्क आला: ते टंकणारा माणूस, ते दाखवणारा क्लायंट आणि ते जपणारा सर्व्हर. २००३ सालच्या आरएफसी ३५०१ या दस्तऐवजात नावांबाबत सक्ती मात्र फार थोडी आहे. राखीव नाव एकच, ‘इनबॉक्स’. ते रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत लिहा की लहान, अर्थ तोच. बाकीच्या नावांत हा भेद मानायचा की नाही, ते सर्व्हरवर सोपवलेले. फोल्डरांच्या पातळ्या दाखवणारे चिन्हही सर्व्हरच ठरवतो. कुठे तिरकी रेघ, कुठे टिंब.

हे टिंब आले कुठून, ते पाहण्याजोगे आहे. कुरियर या सर्व्हरबरोबर रूढ झालेल्या मेलडिर प्लस-प्लस मांडणीत उपफोल्डर डिस्कवर एकमेकांच्या आत नसतातच. सगळे एका रांगेत शेजारी शेजारी असतात आणि कोण कोणाच्या पोटातला, हे नावातली टिंबे सांगतात. तिथे ‘पु.ल.’मधले टिंब आद्याक्षराचे आहे, हे सर्व्हरला कळायला वावच नाही. चिन्ह कोणते आहे ते क्लायंटने सर्व्हरला विचारावे, अशी सोय आयमॅपमध्ये आहे: रिकामे नाव देऊन यादी मागितली की उत्तरात ते चिन्ह मिळते. स्वतःचे फोल्डर कुठून सुरू होतात आणि इतरांचे वा सामाईक कुठून, हे विचारण्याची सोय १९९८ च्या आरएफसी २३४२ ने केली. तरीही न विचारता गृहीत धरणारे क्लायंट निघालेच, आणि सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात लटकलेले पाहून लोक सर्व्हरला बोल लावत राहिले.

मराठी वाचकाला अधिक जवळचा प्रश्न लिपीचा. आयमॅपच्या जुन्या आवृत्त्यांत नाव रोमन कळफलकावरच्या चिन्हांतच पाठवावे लागे. इतर लिप्यांसाठी यूटीएफ-७ ची थोडी बदललेली पद्धत वापरली जाई. तीत ‘पत्रे’ या नावाची पाच युनिकोड चिन्हे दहा बाइटांत मांडली जातात, त्यांची चौदा रोमन अक्षरे होतात, आणि पुढे अँपरसँड व मागे हायफन लागून सोळा. देवनागरीने सुरू होणारे प्रत्येक नाव या वेषात अँपरसँड आणि मोठ्या ‘सी’नेच सुरू होते, कारण देवनागरीच्या सगळ्या चिन्हांचा पहिला बाइट एकच असतो. क्लायंटने हा वेष उतरवला नाही, की पडद्यावर ‘सी’ने सुरू होणाऱ्या अगम्य नावांची रांग लागते. टिंबाला मात्र हा वेष चढवायची मुभा नाही. ते उघडेच जाते, म्हणूनच वरची उतरंड. २०२१ च्या आरएफसी ९०५१ ने नावे सरळ यूटीएफ-८ मध्ये आणली, पण दोन्ही बाजूंना नवी आवृत्ती येत असेल तरच.

यूटीएफ-८ आले म्हणून सगळे निभावले, असेही नाही. ‘नोकऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखेच. युनिकोडच्या प्रमाणीकरणातही हे दोन एक होत नाहीत. फोनवर केलेला ‘नोकऱ्या’ आणि संगणकावर केलेला ‘नोकऱ्या’ हे सर्व्हरच्या लेखी दोन फोल्डर ठरू शकतात. या प्रश्नाकडे मराठी माणसाने लक्ष द्यायला हवे. दुसरे कोणी देईल, अशी आशा मला नाही.

पाठवलेल्या टपालाचे दुखणे त्या मानाने सोपे. थंडरबर्डने त्याला ‘सेंट’ म्हटले, आउटलुकने ‘सेंट आयटम्स’, ॲपलच्या मेलने ‘सेंट मेसेजेस’, आणि एकाच खात्यात तीन फोल्डर जमले. २०११ च्या आरएफसी ६१५४ ने नावाऐवजी फोल्डरला खूण दिली: पाठवलेले, मसुदे, कचरा, संग्रह. खूण पाहिली की नाव कुठल्याही भाषेत असले तरी बिघडत नाही. आज एखादा क्लायंट ही खूण न पाहता नावावरून अंदाज बांधत असेल, तर त्याला मी आळसच म्हणेन.

वाचनाची सुरुवात ३५०१ च्या पाचव्या भागातल्या पहिल्या कलमापासून करावी. ते लहान आहे. सोबत एक चाचणी खाते उघडून त्यात टिंबाचे, तिरक्या रेघेचे आणि अर्ध्या र चे नाव देऊन पाहावे, आणि सर्व्हरकडून आलेली यादी क्लायंटच्या पडद्यावरून न वाचता थेट जशी आली तशी वाचावी.