ग्वाल्हेरचे शून्य आणि लुकासची संख्या

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जाणाऱ्या चढणीच्या वाटेवर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ आहे. तेथील विक्रम संवत् ९३३, म्हणजे इ. स. ८७६ च्या शिलालेखात दानाचा तपशील आढळतो: २७० हात लांब व १८७ हात रुंद फुलबाग, आणि देवासाठी रोज ५० माळा. दानकर्त्यास गणिताशी कर्तव्य नव्हते. तथापि २७० व ५० यांतील शून्ये बारीक वर्तुळांच्या रूपाने त्या खडकावर उमटून राहिली. कंबोडियात इ. स. ६८३ च्या लेखात ठिपक्याचे शून्य सापडले आहे. तेव्हा ग्वाल्हेरचे शून्य जगात पहिले, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. शून्य त्या काळी माळ्याच्या हिशेबापर्यंत पोहोचले होते, हेच त्याचे खरे महत्त्व.

दहा चिन्हांत कितीही मोठी संख्या मांडण्याची सोय अशी रुळल्यावर तिचा पल्ला कोठवर गेला? बरोबर हजार वर्षांनी, १८७६ साली, एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने एक संख्या मूळ असल्याचे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणीही निःशेष भागीत नसल्याचे, जाहीर केले. १२७ वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा व त्यातून एक वजा करावा, म्हणजे ती मिळते: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. अंक एकोणचाळीस, त्यांत शून्ये चार.

भाजक शोधू म्हटले, तर हिचे वर्गमूळच वीस अंकी. सेकंदास एक भागाकार केला तरी अब्जावधी वर्षे लागावीत. लुकासने ती वाट सोडली. तीनपासून आरंभ करावा. वर्ग करून दोन वजा करावे. तपासावयाच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी, आणि पुन्हा तेच. सात वेळा दोनांचा गुणाकार उणे एक म्हणजे १२७. तिच्यासाठी ३, ७, ४७, ४८, १६, ० असा क्रम येतो. सहाव्या पदी शून्य आले. १२७ मूळ ठरली. घातांक मूळ असून त्याला चारांनी भागता तीन उरत असतील, तेव्हा ही रीत चालते. मोठ्या संख्येसाठी शून्य १२६ व्या पदी यावयाचे, म्हणजे १२५ वर्ग, तेही हाताने!

याच रीतीचा दुसरा चमत्कार अधिक विलक्षण. मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली ६७ घातांकाची अशीच संख्या मूळ म्हटली होती. लुकासने ती मूळ नाही असे ठरविले, पण भाजक मात्र त्याला ठाऊक नव्हते! ते १९०३ साली अमेरिकेत फ्रँक नेल्सन कोल यांनी एका सभेत, एक शब्दही न बोलता, फळ्यावर मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

लुकासची संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. पुढे गणकयंत्रे आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या, १३६२७९८४१ घातांकाच्या मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिच्या निश्चितीसाठीही लेहमरने सुधारलेली लुकासचीच कसोटी लावण्यात आली, आणि शेवटची बाकी शून्य आली.