काटा आणि त्याची साक्ष

मुहूर्त साधण्यासाठी मंडपात घटिकापात्र ठेवण्याची चाल आपल्यांत जुनी आहे. तळाशी बारीक छिद्र असलेली ती वाटी पाण्यावर सोडली म्हणजे २४ मिनिटांत भरून बुडते. तेथे वेळ सांगते ते प्रत्यक्ष पाणीच. पाणी आणि पाहणारा यांच्यामध्ये तिसरा कोणी नसतो. मोटारीतील काट्यांचा इतिहास आम्ही चाळू लागलो तो या वाटीची आठवण ठेवूनच.

निमित्त घडले चलथाणला. सुरत जिल्ह्यातील हे गाव मुंबई-अहमदाबाद राजमार्गावर असून सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानकही आहे. काही वर्षांपूर्वी भाच्याच्या मुंजीसाठी वडिलांच्या वेळची गाडी घेऊन आम्ही सुरतेस निघालो होतो. चलथाणजवळ बॉनेटखालून वाफेचे लोट येऊ लागले; उष्णतेचा काटा मात्र मध्यावर निर्धास्त उभा! मिस्त्रीने पाहून सांगितले की, इंजिनावरील विजेच्या जोडास गंज चढला आहे, त्यामुळे काटा थंडच दाखवीत राहिला. नवा बसवायचा तर नळीचा की तारेचा, असे त्याने विचारले. उत्तर देण्याइतके ज्ञान आमच्यापाशी नव्हते.

चलथाण सहकारी साखर कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि या काट्याचे मूळ अशा कारखान्यांच्या बॉयलरपाशीच सापडते. १८६३ साली कलकत्त्यास बॉयलर फुटून माणसे दगावली. त्यावरून बंगालने १८६४ मध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा केला. पुढे १९२३ चा अखिल भारतीय कायदा आला व त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. आतील दाब बाहेर दिसणे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न होता. तो सोडविला पॅरिसच्या युजेन बुर्दाँ याने, १८४९ मध्ये. चपटी नळी कमानीसारखी वाकवून तिचे एक टोक त्याने बंद केले. आत दाब चढला की नळी उलगडू पाहते आणि त्या टोकास जोडलेला काटा फिरतो. हीच युक्ती पुढे मोटारीत आली. इंजिनातील तेल बारीक तांब्याच्या नळीतून थेट डॅशबोर्डापर्यंत येते आणि आपला दाब आपणच सांगते. वेगाच्या काट्यासाठी स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे याने १९०२ साली फिरते लोहचुंबक व धातूची वाटी यांची योजना केली. चाकांबरोबर फिरणारी केबल ते चुंबक फिरवी. त्यास बॅटरी लागत नसे.

विजेच्या काट्याची रीत निराळी. इंजिनावरील एक लहानसा यंत्रभाग उष्णतेप्रमाणे विजेचा रोध बदलतो, तारेतून तो निरोप पुढे येतो आणि काटा त्यानुसार हलतो. जोड गंजला, बॅटरीचा दाब घसरला किंवा तो स्थिर ठेवणारे यंत्र बिघडले, तर निरोप बदलतो. काटा मात्र तितक्याच ठामपणे उभा राहतो.

वकिलीच्या सवयीने आम्हांस येथे १८७२ चा साक्ष कायदा आठवतो. तोंडी साक्ष प्रत्यक्ष पाहणाऱ्याची वा ऐकणाऱ्याची असावी, हा त्यातील नियम. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तत्त्व टिकून आहे. नळीचा काटा हा प्रत्यक्ष साक्षीदार. तारेचा काटा ऐकीव गोष्ट सांगणारा. केबल तुटली तर वेगाचा काटा शून्यावर पडतो, म्हणजे साक्षीदार गप्प बसतो. खोटे बोलत नाही.

परंतु न्याय दोन्ही पक्षांस मिळावा. नळी फुटली तर तापलेले तेल चालकाच्या पायांवर येते. पेट्रोलची नळी डॅशबोर्डापर्यंत आणणे तर आगीस आमंत्रणच. म्हणून टाकीचा काटा विजेचाच बरा. इंजिन मागे असलेल्या लांब बसमध्येही नळीपेक्षा तार सोयीची. आजच्या कित्येक गाड्यांत तर संगणक उष्णतेचा काटा मोठ्या टप्प्यापर्यंत मध्यावरच धरून ठेवतो. चालकाने उगाच घाबरू नये, हा हेतू. हेतू चांगला, पण सत्य थोडे झाकले जाते.

आम्ही शेवटी तेल व उष्णता यांसाठी नळीचे काटे घेतले आणि पेट्रोलसाठी तारेचा राहू दिला. मिस्त्रीने निघताना बजावले की, काटा कोणताही असो, सकाळी बॉनेट उघडून पाणी स्वतः पाहत जा. हा सल्ला आम्हांस दोन्ही काट्यांहून मोलाचा वाटतो.

सुरतेस पोहोचलो तेव्हा मुहूर्त केव्हाच टळला होता. मुंज लागली; मामा तेवढा मंडपात नव्हता. भाच्याने नमस्कार केला आणि गाडीला काय झाले, एवढेच विचारले. काटा बरोबर आहे असे आम्ही मानून चाललो होतो, हे सांगताना आमची मान खाली गेली.