लॉरेन्स: चौदा मुलखांचे गिरणगाव

मेरिमॅक नदीला इथे उतार होता. त्या पाण्यावर यंत्रे चालतील हे हेरून बोस्टनच्या भांडवलदारांनी १८४५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधली ही जमीन घेतली, दगडी धरण बांधले, कालवा काढला आणि काठाने गिरण्या उभ्या केल्या. धरणाचे दगड रचायला आयरिश आले. मग कॅनडातले फ्रेंच, जर्मन, आणि शतक उलटता उलटता इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सीरियन. १८५० मध्ये लॉरेन्सची वस्ती सव्वाआठ हजार होती. १९१० मध्ये ती ८५ हजारांपुढे गेली.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्यामुळे कुठल्याही गिरणगावाबद्दल वाचताना मी आधी घरे शोधते. लॉरेन्समध्ये लाकडी तिमजली-चौमजली घरे एकमेकांना खेटून उभी होती. नवरा-बायको दोघे गिरणीत, तरी भाडे भागत नसे. म्हणून त्याच खोल्यांत आणखी माणसे ठेवून घ्यायची.

१ जानेवारी १९१२ रोजी बायका-मुलांचा कामाचा आठवडा कायद्याने ५६ वरून ५४ तासांवर आला. मालकांनी त्या दोन तासांची मजुरी कापली, सरासरी ३२ सेंट. ११ जानेवारीला एव्हरेट गिरणीतल्या पोलिश बायकांनी पगाराची पाकिटे उघडली, पैसे कमी भरले, आणि त्या माग सोडून बाहेर पडल्या. काही दिवसांत वीस हजारांहून अधिक कामगार संपावर होते.

इतक्या भाषांचे अकुशल लोक एकत्र येणार नाहीत, असा समज मालकांचा होता आणि जुन्या कारागीर संघटनांचाही. लॉरेन्सने तो खोटा ठरवला, आणि कसा ते नीट पाहण्यासारखे आहे. जोसेफ एट्टर या संघटकाने संप समितीत चौदा राष्ट्रगटांना प्रत्येकी चार जागा दिल्या. संख्येने लहान गटालाही मोठ्याइतकेच स्थान. प्रत्येक भाषण सगळ्या भाषांत सांगितले जाई. गिरणीच्या दारात उभे राहायला मनाई झाली, तेव्हा हजारो माणसे गिरण्यांभोवती चालतच राहिली.

२९ जानेवारीला अ‍ॅना लोपिझो ही कामगार बाई गोळी लागून मेली. त्या जागी हजर नसलेल्या एट्टर आणि त्यांचे सहकारी जोव्हानिट्टी यांनाच खुनाला चिथावणी दिली म्हणून पकडले; नोव्हेंबरमध्ये ते निर्दोष सुटले. उपासमार वाढली तशी संपकऱ्यांनी मुले न्यूयॉर्कच्या कुटुंबांकडे पाठवली. पहिल्या तुकडीत ११९ मुले होती. सोबत गेलेल्या परिचारिका मार्गारेट सँगर यांनी पुढे साक्षीत सांगितले की त्यांतल्या फक्त चौघांच्या अंगात आतले कपडे होते. ही मुले लोकरीच्या गिरण्यांच्या गावची! २४ फेब्रुवारीला पोलिसांनी स्टेशनवरच आयांना आणि मुलांना मारहाण करून अडवले, आणि देश खवळला.

मार्चमध्ये वॉशिंग्टनला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे कॅमेला टिओली ही चौदा वर्षांची इटालियन मुलगी साक्षीला उभी राहिली. वयाचे खोटे कागद करून तिला गिरणीत लावले होते. यंत्रात केस अडकून तिच्या डोक्याची कातडी सोलली गेली. ती सात महिने इस्पितळात होती. कंपनीने इस्पितळाचा खर्च दिला, त्या काळातली मजुरी दिली नाही. १४ मार्चला गावच्या मैदानात जमलेल्या संपकऱ्यांनी तडजोड मान्य केली. सर्वांत कमी मजुरीवाल्यांना सर्वांत जास्त वाढ मिळाली, आणि न्यू इंग्लंडमधल्या इतर गिरण्यांनाही मजुरी वाढवावी लागली.

नंतर गाव गप्प झाले. कॅमेलाची मुलगी आईच्या डोक्यावरचा तो भाग झाकून रोज अंबाडा घालून देई, पण आई काँग्रेसपुढे बोलली होती हे तिला ठाऊकच नव्हते. सोसलेले पोरांना सांगायचे नाही, ही रीत आमच्या चाळीतही होती. त्या रीतीमागची माया मला कळते. पण घरे गप्प राहिली की इतिहासात मालकांचीच नावे उरतात. लॉरेन्स हे नाव अ‍ॅबट लॉरेन्स या भांडवलदाराच्या घराण्याचे. गाव सांगताना त्याच्याबरोबर कॅमेला टिओलीचे नावही घेतले पाहिजे, कारण गिरण्यांच्या त्या गोतावळ्याचे शहर तिच्यासारख्यांनीच केले.