मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर : शागिर्द ते संगीतकार

मराठी संगीताचा इतिहास बहुधा प्रकारवार लिहिला गेला आहे. ख्यालगायन, नाट्यसंगीत, चित्रपटसंगीत आणि भावगीत यांची प्रकरणे स्वतंत्र असतात. त्यामुळे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८-१९७४) यांच्यासारखा संगीतकार चार ठिकाणी विभागला जातो आणि त्यांच्या घडणीचा सलग विचार होत नाही. 'चतुरस्र' हे विशेषण वापरून अभ्यासक पुढे जातात. परंतु विशेषण म्हणजे कारणमीमांसा नव्हे. एका ख्यालगायकाच्या शिष्याला इतक्या भिन्न शैलींत रचना करणे कसे शक्य झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आळंदी येथे जन्मलेले कृष्णराव बालनट म्हणून नाट्यकला प्रवर्तक मंडळीत दाखल झाले आणि पुढे भास्करबुवा बखले यांचे शिष्य झाले. बुवांची स्वतःची तालीम फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन गुरूंकडे झाली होती. अर्थात ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर-अत्रौली ही तिन्ही घराणी त्यांच्या गळ्यात एकत्र नांदत होती. एकाच घराण्याची कडक शिस्त पाळणाऱ्या गुरूकडे जे मिळाले नसते, ते येथे शिष्याला मिळाले : तोच राग, तीच बंदिश निरनिराळ्या अंगांनी मांडता येते याचा रोजचा प्रत्यय. शिवाय 'स्वयंवर' (१९१६) आणि 'द्रौपदी' (१९२०) या नाटकांना बुवांनी चाली दिल्या, तेव्हा मैफलीची सामग्री रंगभूमीसाठी कशी घडवावी लागते हे शिष्याला जवळून पाहता आले. यमन, बिहाग, भीमपलास असे रागच्या राग पदांत उतरले. कृष्णरावांची खरी शाळा हीच होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९२२ मध्ये बुवांचे निधन झाले आणि गंधर्व नाटक मंडळीच्या पदांना चाली देण्याची जबाबदारी कृष्णरावांकडे आली. वारसा मोठा होता आणि धोकाही तेवढाच. बालगंधर्वांसारखा गायक, तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, आणि 'वन्स मोअर'ची हौस असलेला प्रेक्षक अशा परिस्थितीत संगीतकाराने पदाचा केवळ आराखडा द्यावा आणि गायकाने तो विस्तारावा, अशी रीत पडली होती. या काळातील कृष्णरावांच्या पुष्कळ रचना गुरूच्या वळणाच्या आहेत. वेगळेपण ठळकपणे दिसते ते 'कान्होपात्रा' (१९३१) या नाटकात. येथे शब्द संतांच्या अभंगांचे होते. अभंगाला स्वतःची लय असते. ती मोडून तानांची पखरण केली तर भक्तीचा आशय हरवतो. कृष्णरावांनी रागाची चौकट ठेवली, पण शब्दाला पुढे केले. ख्यालाच्या शागिर्दाने येथे प्रथमच स्वतःच्या विद्येला आवर घातला.

पुढील वळण परिस्थितीने आणले. बोलपटाने नाटक मंडळ्यांचा पाया ढासळला. बालगंधर्वांनी 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटात एकनाथांची भूमिका केली आणि त्याचे संगीत कृष्णरावांचे होते. 'अमरज्योती' (१९३६), 'वहाँ' (१९३७), 'गोपालकृष्ण' (१९३८), 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) हे चित्रपट त्यानंतरचे. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. रंगमंचावर पाऊण घटका रंगणाऱ्या पदाची सवय असलेल्या गायकाला ही मर्यादा जाचक वाटणे स्वाभाविक होते. विस्ताराची मुभा गायकाकडून काढून घेतली गेली, म्हणून सारे काही रचनेतच सांगणे भाग पडले. आणि म्हणूनच, विरोधाभास वाटला तरी, येथे कृष्णराव पूर्णार्थाने संगीतकार झाले. 'माणूस'मध्ये शांता हुबळीकरांच्या तोंडी असलेल्या गीतात अनेक भारतीय भाषांची कडवी येतात. एकाच गाण्यात निरनिराळ्या प्रांतांचा बाज आणणे हे मैफलीचे काम नव्हे. 'शेजारी'तील समूहनृत्याच्या गीतात तर स्वरांची बेरीज अगदी मोजकी असून सारा जोर ठेक्यावर आणि स्त्री-पुरुषांच्या समूहस्वरावर आहे. नाट्यसंगीताकडून चित्रपटगीताकडे झालेल्या या वाटचालीला 'ऱ्हास' म्हणण्याची प्रथा आहे. ती कृष्णरावांच्या बाबतीत तरी तपासून पाहिली पाहिजे.

चित्रपटातून ते रंगभूमीवर परतले तेव्हा हा संयम त्यांच्यासोबत होता. मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू' (१९४२) या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांनी गायिलेली पदे आटोपशीर आणि भावगीताला जवळची आहेत.

समूहस्वराचा विचार सर्वांत पुढे गेला तो 'वंदे मातरम्'च्या निमित्ताने. मुंबई नभोवाणी केंद्रावर हे गीत गाण्यास मज्जाव झाल्याने कृष्णरावांनी तेथील कार्यक्रमांवर बहिष्कार टाकला होता. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न आला तेव्हा हे गीत वाद्यवृंदावर वाजविण्यास अवघड आहे, हा मुख्य आक्षेप होता. ऑगस्ट १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी संविधान सभेत तो मांडला. कृष्णरावांनी आक्षेपाला लेखाने नव्हे, चालीने उत्तर दिले. झिंझोटीच्या आधाराने त्यांनी सर्वसामान्यांना एकत्र गाता येईल अशी चाल बांधली, बँडवर वाजेल अशी रचनाही सिद्ध केली आणि दिल्लीला जाऊन ती ऐकविली. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर झाले आणि 'वंदे मातरम्'ला समान सन्मान देण्यात आला. हा निर्णय केवळ संगीताच्या निकषावर झाला नव्हता, त्यामुळे त्यावरून चालीचे मूल्य ठरविणे योग्य होणार नाही. तांत्रिक आक्षेपापुरते बोलायचे तर तो त्यांनी प्रयोगाने खोडून काढला होता.

१९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेनुसार त्यांनी पाली बुद्धवंदनेला स्वरसाज चढविला. येथे तानेला जागा नाही, ठेक्याचे आकर्षण नाही आणि गायक म्हणून कोणी एक व्यक्तीही अभिप्रेत नाही. विहारात बसलेल्या, गाणे न शिकलेल्या माणसांनी एका सुरात म्हणावयाचे ते शब्द आहेत. त्याच काळात भास्करबुवांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या भारत गायन समाजाशी असलेला त्यांचा संबंध तुटला नव्हता, आणि 'रागसंग्रह' या सात भागांच्या मालेतून ते नव्या विद्यार्थ्यांसाठी रागांच्या बंदिशी स्वरलिपीत उतरवीत होते.